पंधरा फ्रेमचा एक सेकंद

विमा कंपन्यांसाठी अपघातांची तपासणी करणं हे माझं काम. गाडी किती वेगात होती, ब्रेक कधी लागला, धडकेच्या वेळी कोण कुठे होतं, हे मोजून द्यायचं. कोणाची चूक किती हे ठरवणारे दुसरे असतात, पण ते ठरवतात माझ्या आकड्यांवरून.

या केसमध्ये एक तरुण मुख्य रस्त्यानं सरळ येत होता. बाजूच्या रस्त्यावरून साठीच्या पुढच्या एक बाई मुख्य रस्त्यावर वळत होत्या. त्याची गाडी थेट त्यांच्या दारावर आदळली आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. वेगमर्यादा ५० होती. दोघांनीही एकमेकांवर क्लेम केला होता.

"मॅडम, मी माझ्या रस्त्यानं सरळ येत होतो. त्या मध्ये आल्या," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "मी बघितलं होतं हो. गाडी चांगली लांब होती."

दोघांवरही माझा विश्वास बसला. समोरून येणाऱ्या गाडीचं अंतर डोळ्यांना कळतं, वेगाचा अंदाज मात्र फार कच्चा असतो. ती गाडी साधारण इतरांसारखीच येत असणार, असं धरून आपण वळतो. मर्यादेपेक्षा जोरात येणारा चालक समोरच्याचा हा अंदाज बिघडवतो. कोणाची चूक किती हे ठरवताना वेगाचा विचार व्हायला हवा तो यासाठीसुद्धा.

कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज मिळालं. त्यात रस्त्याकडेचे दोन खांब दिसत होते. जागेवर जाऊन टेपनं मोजलं, तर दोन्हींमध्ये बरोबर २४ मीटर अंतर भरलं. मग फुटेज एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजणी केली. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत १६ फ्रेममध्ये पोचलं. फाइलच्या माहितीत सेकंदाला २५ फ्रेम असं होतं. म्हणजे २४ मीटर ०.६४ सेकंदात, ताशी १३५ किलोमीटर.

साक्षीदारही "सव्वाशेच्या खाली नव्हताच" असंच सांगत होते. सगळं जुळत होतं. मी अहवालाचं पहिलं पान टाइपसुद्धा केलं.

मग ब्रेकच्या खुणांचे फोटो समोर आले आणि हात थांबला. रस्त्यावरचे काळे पट्टे जेमतेम ८ मीटरचे होते. १३५ नं येणारी गाडी एवढ्याशा ब्रेकनंतर जवळजवळ त्याच वेगानं आदळली असती, आणि मग बाईंची गाडी अशी राहिलीच नसती. दार आत गेलं होतं खरं, पण दारामागचा, गाडीचं छत पेलणारा खांब वाकूनही जागेवर होता. पत्रा एक सांगत होता आणि आकडा दुसरंच.

फुटेजच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. त्याचा सेकंद बदलला की पुढचा बदलेपर्यंत किती फ्रेम जातात, ते मोजलं. १५. पुन्हा मोजलं, पुढचे दहा सेकंद मोजले. प्रत्येक वेळी १५. कॅमेरा सेकंदाला १५ चित्रं साठवत होता आणि फाइलवर लिहिलं होतं २५. नव्यानं हिशेब केला तेव्हा वेग आला ८१. एखादी फ्रेम इकडेतिकडे धरली तर ७६ ते ८६.

माझ्या हातून एका पोराच्या नावावर ५४ किलोमीटर जास्त लागणार होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

८१ सुद्धा मर्यादेच्या वरच होते. पण वेग जास्त होता एवढ्यानं चूक सिद्ध होत नाही, त्या वेगाचा अपघाताशी संबंध दाखवावा लागतो. ५० नं असता तर टळला असता का, हा खरा प्रश्न. बाईंचं चाक मुख्य रस्त्याच्या कडेच्या रेषेपुढे आलं तेव्हा तो ४२ मीटरवर होता. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा होता, तर ५० नं येणारी गाडी सुमारे ३५ मीटरमध्ये थांबते. ८१ नं त्या दीड सेकंदातच जवळपास ३४ मीटर संपतात. ब्रेकला उरले ८. पट्ट्यांची लांबीही तेवढीच होती. धडक बसली तेव्हा वेग अजून ७१ च्या आसपास होता. वेगाच्या अंदाजातली खालची बाजू, म्हणजे ७६ धरूनही गाडी थांबत नव्हती.

बाईंची बाजूही तितक्याच काटेकोरपणे लिहिली. ५० च्या वेगानं ४२ मीटर म्हणजे ३ सेकंद. त्यांना वळून सरळ व्हायला ४ लागले असते. तो मर्यादेत असता तरी त्यांच्यामुळे त्याला ब्रेक दाबावाच लागला असता. वाट त्याची होती.

शेवटी दोन्ही कंपन्यांनी ६० टक्के चूक बाईंची आणि ४० त्याची धरली. १३५ चा आकडा गेला असता तर ही वाटणी उलटी झाली असती, असं मला ठामपणे वाटतं. आणि जिथे निम्म्याहून जास्त चूक असणाऱ्याला भरपाईच मिळत नाही, तिथे त्याच्या हाती काहीच लागलं नसतं.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. टक्क्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. "तो हळू असता तर किती लांब थांबला असता?" एवढंच विचारलं.

"सात मीटर अलीकडे, काकू."

"म्हणजे दीड गाडीएवढं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि मी अजून एक गाडी जाऊ दिली असती तर?"

"तर तो तुमच्या समोरून निघून गेला असता."

चुकीचं ते पहिलं पान मी फाडलं नाही. तारीख घालून, 'रद्द' असं लिहून, त्याच फाइलला लावून ठेवलं आहे.