मुद्दाम लावून घेतलेली धाप

माझ्या थेरपीच्या खोलीतली दाराजवळची खुर्ची हे गृहस्थ कधी सोडत नसत. हातात पाण्याची बाटली आणि शर्टाच्या खिशात गोळी. ती घ्यायची वेळ क्वचितच येई, पण खिशात गोळी नसेल तर घराबाहेर पाऊल पडत नसे. (त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

एका रात्री अचानक छातीत धडधडायला लागलं, घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या. आता आपण संपलो असं वाटून ते इमर्जन्सीत पोहोचले, तर ईसीजी नॉर्मल. मग हे वारंवार व्हायला लागलं. हृदयरोगतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या करून हे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके, असल्याचं सांगितलं आणि माझ्याकडे पाठवलं. त्याचा त्यांना राग होता. "म्हणजे मी नाटक करतोय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "नुसतं बोलून काय होणार?"

दुसरा प्रश्न रास्त आहे. पहिल्या भेटीत मीच जास्त विचारते: त्रास कधीपासून, कशाने वाढतो, त्यापायी काय काय करणं सोडलंत, बरं वाटलं तर आधी काय कराल. भेट साधारण पाऊण तासाची, आठवड्यातून एकदा. पॅनिकसाठी बहुधा तीन-चार महिने पुरतात. बोललेलं बाहेर जात नाही, मात्र जिवाला धोका दिसला तर मला गप्प बसता येत नाही, हेही तेव्हाच सांगून टाकते. गोळ्यांचा निर्णय सायकिअ‍ॅट्रिस्टचा, त्यात मी पडत नाही. आणि घरी करायचा अभ्यास असतो, हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. यांचाही पडला.

पहिल्या काही भेटी नोंदी ठेवण्यात गेल्या. धडधड झाली की मनात पहिला विचार कोणता येतो, एवढंच लिहायचं. "हार्ट अटॅक" हा शब्द पानोपानी होता. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलेलं चक्र ते हेच. शरीरात काहीतरी जाणवतं, त्याचा भयंकर अर्थ लावला जातो, भीतीने धडधड आणखी वाढते आणि तो अर्थ खराच वाटायला लागतो. कागदावर त्यांना ते लगेच पटलं. पटून फार काही होत नाही, हा माझा अनुभव.

म्हणून त्या दिवशी त्यांना म्हटलं, "आज आपण एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायचा. मीही घेते." दमा, अपस्मार, हृदयविकार असलेल्यांना हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही, यांच्या डॉक्टरांचा होकार आधीच घेतला होता.

अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा बदलला. बोटं आखडली, ओठ बधिर झाले. हात बाटलीकडे गेला. "बाटली राहू द्या," मी म्हटलं, आणि मलाच गरगरत होतं. (दिवसातून दोन पेशंटबरोबर हा व्यायाम मी करत नाही.) मिनिट संपल्यावर विचारलं, "नेहमीच्या अटॅकशी किती जुळतंय? दहापैकी?"

"आठ... नऊ. मॅडम, काही होणार तर नाही ना?"

या क्षणी 'काही होत नाही हो' म्हणायचा मोह फार होतो. पण हे वाक्य त्यांना डॉक्टरांनी, बायकोने, भावाने शेकडो वेळा ऐकवलं होतं, आणि त्याचा असर संध्याकाळपर्यंतच टिकायचा. मी म्हटलं, "बघू या." दोघं घड्याळाकडे बघत बसलो. काही मिनिटांत मुंग्या ओसरल्या. पाणी नाही, गोळी नाही. मग समजावलं की जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या आणि चक्कर त्यामुळे येतात.

त्यांना हायसं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ते चिडले. "तुम्ही मुद्दाम केलंत हे!" मी हो म्हटलं. पुन्हा करू या का, विचारलं, तर उठून गेले.

पुढची भेट त्यांनी रद्द केली. त्यानंतरच्या भेटीला मात्र वेळेआधी आले आणि म्हणाले, "तुमचा फार राग आला होता." तो पूर्ण पाऊण तास त्या रागावरच गेला, आणि मी तो वाया गेला असं मानत नाही. राग, कंटाळा, 'याने काही फरक पडत नाहीये' हे थेरपिस्टला तोंडावर सांगायचं असतं. सांगूनही काही बदललं नाही तर खुशाल दुसऱ्याकडे जावं. मधल्या काळात त्रास वाढल्यासारखा वाटतो, कारण ज्याला टाळत आलो त्याच्याकडेच जायचं असतं.

जाता जाता त्यांनी सांगितलं की घरी दार लावून तो व्यायाम रोज केला. आकडा नऊवरून चारवर आला होता. मग जिने चढणं, खुर्चीत गरगर फिरणं, शेवटी गोळी घरी ठेवून बाजारात जाणं.

अटॅक पूर्ण थांबलेले नाहीत. मध्ये एकदा लिफ्टमध्ये आला, तेव्हा ते मधल्या मजल्यावर उतरले नाहीत. झोपेची तक्रार आहे तशीच आहे, आणि वडिलांचा विषय आम्ही अजून उघडलेला नाही. त्यासाठी पुढच्या महिन्यातली वेळ घेऊन गेलेत.