सोमवारचं उद्यमनगर

सोमवार, संध्याकाळ

सोमवारी कोल्हापुरातल्या उद्यमनगरला, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीला सुट्टी, म्हणून मी तिथे चित्रं काढायला सोमवारीच जाते. एरवी लेथ, ग्राइंडर आणि टेम्पोंच्या गर्दीत बोर्ड मांडीवर घेऊन बसायला जागाच नसते. आज एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत ऊन तिरपं आलं होतं आणि शटर सगळी खाली.

समोर मोल्डिंगच्या, म्हणजे ओतकामाचे साचे करायच्या वाळूचा ढीग. ही वाळू बेंटोनाइटची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी मिसळून काळी झालेली असते, पण उन्हात ती काळी दिसत नाही. उजेडाच्या बाजूला तपकिरी, सावलीत चक्क निळी. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तपकिरी मिसळून ओल्या कागदावर सोडलं, तर रंगाचे कण खाली बसतात आणि कागदावर आपोआप रवाळपणा येतो. ढीग तसाच केला. नंतर हात लावला नाही. शेजारी रफ कास्टिंगची, नुसत्या ओतलेल्या लोखंडी भागांची रास होती, परवाच्या पावसानं नवा नारिंगी गंज चढलेली. त्या नारिंगीसमोर सावलीचा निळा असा काही उठला की मी बराच वेळ नुसतीच बघत बसले.

वॉचमन मामा येऊन मागे उभे राहिले. ‘‘ताई, हितं काय काढतासा? रंकाळ्यावर जावा की.’’

रंकाळा मी रंगवलाय, पंचगंगेचा घाटही. दोन्ही मला प्रिय आहेत आणि पुढेही रंगवीन. पण कोल्हापूरचं निसर्गचित्र तिथेच संपतं, हे मला पटत नाही. चित्रकार आबालाल रहिमान ज्या कोटितीर्थाच्या काठी बसून चित्रं काढायचे, त्याच तळ्याशेजारी १९०६ साली शाहू महाराजांनी गिरणीची पायाभरणी केली. तळं आणि धुराडं शंभर वर्षांहून जास्त काळ शेजारी आहेत. मग तळ्याकडे बघायचं आणि गिरणीकडे पाठ करायची, हे कसं?

आणि आपण ज्या हिरव्या उसासाठी नदीकाठी जाऊन बसतो, तो ऊस तरी कशावर वाढला? नदीचं पाणी उपसून रानात चढवायला ऑइल इंजिनं लागली, आणि ती कोल्हापुरात, अशाच गल्ल्यांमधून ओतली गेली, घडली. तो हिरवा आणि हा गंजाचा नारिंगी एकाच मुलखाचे रंग आहेत. हे एकदा डोक्यात बसल्यापासून मला उद्यमनगर शहरातली आडबाजू वाटतच नाही.

मामा तरुणपणी क्युपोलावर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीवर होते, असं बोलता बोलता निघालं. भट्टीतून लोखंड बाहेर येतं तेव्हा कसं दिसतं, विचारलं. मला वाटलं होतं, लालभडक म्हणतील.

‘‘तांबडं न्हवं. तांबडं झालं म्हंजे थंड झालं बघा. चांगल्या तावाचं लोखंड पिवळं-पांढरं. डोळं दिपत्यात.’’

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. एवढ्या काळ्या शेडमध्ये ओतत्या धारेपुरती कागदाची पट्टी राखायची आणि तिच्या कडेला अगदी फिकट पिवळा फिरवायचा, असं मनात घोळतंय. त्यासाठी मात्र सुट्टीचा दिवस चालणार नाही. ओतकामाचा वार कुठला, तेवढं मामांना विचारून घेतलंय. शुक्रवार.