कोगनोळीचा नाका आणि टनाचं भाडं

३१ मार्चच्या मध्यरात्री पुणे-बंगळूर महामार्गावरच्या कोगनोळी, हत्तरगी आणि हिरेबागेवाडी या बेळगाव जिल्ह्यातल्या टोलनाक्यांवरचे दरफलक बदलतात. त्या रात्री निपाणीच्या धाब्यांवर दुसरा विषय नसतो. शिव्या बहुतेक त्या दहा-वीस रुपयांच्या वाढीला असतात, आणि आठवड्याभरात त्याही संपतात. आपल्या सीमाभागातल्या गाडीचा मोठा तोटा मात्र सवलतींच्या नियमांत आणि बिल्टीवरच्या, म्हणजे माल भरल्याच्या पावतीवरच्या, एका न लिहिलेल्या ओळीत असतो. त्याबद्दल लायनीवर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी वाढ कशी ठरते ते बघू. राष्ट्रीय महामार्गांचा टोल २००८ च्या नियमांनी चालतो. २००७-०८ चा पायाभूत दर चौपदरी रस्त्याला दर किलोमीटर असा होता: मोटार ६५ पैसे, छोटा टेंपो १ रुपया ५ पैसे, सहा चाकी ट्रक २ रुपये २० पैसे, दहा चाकी २ रुपये ४० पैसे, आणि बारा चाकीपासून पुढे सहा आसांपर्यंत (ॲक्सलपर्यंत) ३ रुपये ४५ पैसे. या पायाभूत दरात दर वर्षी ३ टक्के सरळ वाढ मिळते, चक्रवाढ नाही. वर घाऊक किंमत निर्देशांक जेवढा वाढला असेल त्याचा ४० टक्के हिस्सा. आलेली रक्कम जवळच्या ५ रुपयांना पूर्ण करतात. म्हणजे महागाई असो वा नसो, ३ टक्के ठरलेलेच. २००८ ते २०२५ या १८ वाढींत नुसते हे ३ टक्केच ५४ होतात. दोन्ही मिळून किती झालं हे बघायचं तर नाक्याजवळच्या गावकऱ्यांचा, खाजगी मोटारीचा महिन्याचा पास घ्या. तो १५० रुपयांनी सुरू झाला, २०२५-२६ ला ३५० झाला. २०२४ ला लोकसभेच्या निवडणुकीमुळे वाढ १ एप्रिलऐवजी ३ जूनला आली, तेव्हा काही जणांना वाटलं की यंदा सुटलो.

वरचे दर पुन्हा एकदा नीट बघा, कारण गाडी घेतानाचा हिशोब त्यातच आहे. सहा चाकीचं एकूण वजन कायद्याने १८.५ टन, दहा चाकीचं २८.५, बारा चाकीचं ३६ (२०१८ ला वाढवलेल्या मर्यादा). पायाभूत दर या वजनाने भागला तर सहा चाकीला टनामागे किलोमीटरला सुमारे ११.९ पैसे पडतात, दहा चाकीला ८.४, बारा चाकीला ९.६. दहावरून बाराला गेलं की टोल एकदम ४४ टक्के चढतो आणि वजन २६ टक्केच वाढतं. चौदा आणि सोळा चाकी गाड्या बारा चाकीच्याच गटात बसतात, टोल तोच. त्यामुळे मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी सोळा चाकी घेतल्या, आणि बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग भरून कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जाणारा सहा चाकीवाला ट्रकांमध्ये टनामागे सगळ्यात महाग टोल भरत बसला. त्याची तक्रार मला सगळ्यात रास्त वाटते.

आता सवलतीचं बघू. नाका ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या मालवाहू गाडीला निम्मा टोल, असा नियम आहे. म्हणजे केए-२२, २३, २४, ४९ अशा बेळगाव जिल्ह्यातल्या पासिंगच्या गाड्यांना कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी इथे निम्म्यात जायला मिळायला हवं. पण त्याला दोन अटी आहेत. एक, सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध नसावा. दुसरी जास्त बोचते: गाडी नॅशनल परमिटवर, म्हणजे देशभर माल नेण्याच्या परवान्यावर, चालणारी नसावी. निपाणीच्या गाडीचा रोजचा धंदा कोल्हापूर, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीचा. कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र. नॅशनल परमिट नसलेली गाडी या पट्ट्यात करणार काय? वर्षाचे १६,५०० रुपये भरून परमिट घ्यायचं आणि त्याच परमिटमुळे घरच्या नाक्यावर पूर्ण टोल द्यायचा. हुबळी-धारवाडकडेच फिरणाऱ्या गाडीला हा नियम सोयीचा पडतो, सीमेवरच्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही. कागलच्या एमएच-०९ गाडीची गत आणखी वेगळी. नाका दारात, पण जिल्हा दुसरा आणि राज्यही दुसरं. परमिट कुठलंही असलं तरी तिला या सवलतीचं नावच नको.

राहिल्या दोन सवलती, त्या परमिटवाल्यालाही मिळतात. २४ तासांत परत आलात तर जाऊन-येऊन दीडपट, म्हणजे परतीचा निम्मा. फास्टॅगवर हे आपोआप कापलं जातं. वेळ मोजली जाते ती जाताना टॅग वाचला गेला त्या मिनिटापासून. बेळगाव-कोल्हापूर अंतर ११० किलोमीटरच्या आसपास, तेव्हा सवलत मिळायला हरकत नसावी. पण गाडी सकाळी दहाला कोगनोळी ओलांडते, कंपनीच्या गेटवर दुपारी टोकन मिळतं, माल उतरायला रात्र होते, परतीचं भाडं दुसऱ्या दिवशी अकराला भरतं, आणि सवलत थोडक्यात हुकते. त्यापेक्षा संध्याकाळी उशिरा नाका ओलांडून, रात्री गेटवर नंबर लावून, सकाळच्या पाळीत गाडी मोकळी करून घेणारे शहाणे ठरतात. त्यांच्या हातात दुसऱ्या संध्याकाळपर्यंतचा वेळ राहतो.

दुसरी सवलत महिन्याच्या पासची. एका नाक्यावर महिन्याला ५० फेऱ्या, त्यांच्या एकेरी टोलच्या दोन तृतीयांश दराने. म्हणजे पासाची किंमत सुमारे ३३.३ एकेरी टोलइतकी. परतीची सवलत कधीच मिळत नसेल तर ३४ व्या ओलांडणीपासून पास फायद्याचा. परतीची सवलत प्रत्येक वेळी मिळत असेल तर सरासरी पाऊण टोल पडतो, मग ४५ वेळा ओलांडली तरच पास परवडतो, म्हणजे महिन्याला २३ जाऊन-येऊन. निपाणी-कोल्हापूर रोज मारणाऱ्याने कोगनोळीचा पास काढावा. पुण्याच्या लाईनवरच्या गाडीने त्या भानगडीत पडू नये. बेळगावहून पुण्याला हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आणेवाडी, खेड शिवापूर असे सहा नाके लागतात, आणि पास एकाच नाक्याचा असतो.

ड्रायव्हर टोलबद्दल काय म्हणतो हे तो कुणाच्या गाडीवर आहे त्यावर ठरतं. पगारी ड्रायव्हरच्या खिशातून आता टोल जात नाही. टॅग शेठ रिचार्ज करतो. पूर्वी खर्चीत, म्हणजे फेरीच्या वाटखर्चात, टोलची रोकड मिळायची, त्यात थोडं इकडे-तिकडे व्हायचं, तेही गेलं. त्याचा राग रांगेवर आणि रस्त्यावर असतो: सातारा-कागल सहापदरीकरणाचे वळणरस्ते, खड्ड्यांत गेलेले स्प्रिंगचे पाटे, आणि तरीही टोल चालूच. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याचं गणित वेगळं. भरलेली दहा चाकी लिटरला चार किलोमीटर देते असं धरा. डिझेल ९० च्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेबावीस रुपये. टोल किलोमीटरला साडेपाचच्या आसपास, डिझेलचा चौथा हिस्सा. परत मोकळी आली तर तीच गाडी साडेपाचचं मायलेज देते, डिझेल सोळा-साडेसोळावर येतं, टोल मात्र साडेपाचच. म्हणजे तिसरा हिस्सा. "मोकळ्या गाडीला कशाचा टोल ओ?" हा प्रश्न म्हणून येतो. त्यात मोटारवाल्यांना १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास मिळाला, ट्रकला काहीच नाही. ही सल अजून ताजी आहे.

डिझेलचं सांगायचं तर कोल्हापूरकडच्या गाड्या टाकी भरायला कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर थांबायच्या, आणि तिथल्या स्वस्त डिझेलमुळे टोलचा थोडा भाग भरून निघायचा. १ एप्रिल २०२५ ला कर्नाटकाने डिझेलवरचा विक्रीकर १८.४४ वरून २१.१७ टक्के केला, लिटरमागे सुमारे २ रुपये. टोलवाढही त्याच दिवशी. १४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून राज्यातल्या लॉरी मालकांनी संप केला, त्यात डिझेलच्या जोडीला राज्य महामार्गांवरचे टोल आणि सीमेवरचे आरटीओ चेकपोस्ट याही मागण्या होत्या.

टोल चुकवायचा म्हणून कागलहून मुरगूडमार्गे निपाणीला उतरणारे आहेत. रिकाम्या छोट्या टेंपोला एखादवेळ जमेल. भरलेल्या दहा चाकीला समजा १५ किलोमीटर जास्त पडले, तर तिथेच पावणेचार लिटर डिझेल गेलं, म्हणजे ३४० च्या आसपास. वर गावातली वळणं, गतिरोधक, टायरची घासण, आणि हंगामात समोरून येणारी उसाची डबल ट्रॉली. टोल वाचतो तो कागदावरच.

टॅगच्या चुकांत फुकट जाणारे पैसे मात्र थांबवता येतात. चुकीच्या गटाचा टॅग हे नेहमीचं दुखणं. दोन आसांच्या ट्रकचा टॅग हिरवा, तीन आसांचा पिवळा, चार ते सहा आसांचा गुलाबी. जुनी गाडी घेतली, आधीच्या मालकाने टॅग बंद केला नाही, किंवा एजंटाने आरसी नीट न बघता टॅग दिला, की प्रत्येक नाक्यावर वाद आणि कधी वरच्या गटाचा टोल. बँक फोटो मागते तेव्हा बाजूचा फोटो सगळे आस मोजता येतील असाच काढावा. उचललेला आस फोटोत नीट दिसला नाही तर पुन्हा तीच कटकट. दुसरी चूक काचेवरची. देवाची झालर, गोंडे आणि जाड रंगीत पट्टी यांच्या मागे टॅग गेला की वाचला जात नाही. मग क्लीनर टॅग हातात धरून दाखवतो, आणि असा सुटा टॅग थेट काळ्या यादीत जाऊ शकतो. १५ नोव्हेंबर २०२५ च्या नियमाने टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट टोल, यूपीआयने भरला तर सव्वापट. म्हणून ड्रायव्हरच्या फोनवर यूपीआय चालू असणं आणि त्यात चारशे-पाचशे रुपये असणं गरजेचं आहे.

रोख पावती फाडली आणि मागून टॅगमधूनही कापलं गेलं, असंही होतं. पावतीचा फोटो, मेसेजची वेळ, नाक्याचं नाव आणि लेन एवढं घेऊन १०३३ ला फोन करा आणि टॅग देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार टाका. नाक्यावर भांडून पैसे परत मिळत नाहीत, मागची लाईन तेवढी वाढते. शंभर मीटरच्या पुढे रांग गेली तर टोल माफ, हा मेसेज अजून फिरतो. ती सूचना २०२१ ची होती आणि पुढे मागे घेतली गेली. त्यावरून वाद घालू नका.

आता बिल्टी. भाडं टनावर ठरतं, "टोलसकट" म्हणून. एकदा तसं ठरलं की १ एप्रिलची वाढ गाडीवाल्याच्या अंगावर, कारण टनाचा दर काही एप्रिलमध्ये बदलत नाही. कोल्हापूर भागात वाराईच्या, म्हणजे माल भरण्या-उतरवण्याच्या हमालीच्या, बाबतीत "ज्याचा माल त्याचा हमाल" म्हणत गाडीवाल्यांनी धरून ठेवलं, आणि बऱ्याच ठिकाणी ते मानलं गेलं. टोलचं तसंच मागायला काय हरकत आहे? फक्त मागताना मोघम मागू नये. "टोल वेगळा" एवढंच लिहिलं तर पार्टी जातानाचा देते आणि येतानाचा नाकारते. ओळ अशी हवी: बेळगाव ते पुणे, १८ टन, भाडं टनावर, टोल सहा नाके जाता-येता, फास्टॅगच्या उताऱ्याप्रमाणे. उतारा बँकेच्या ॲपमधून निघतो, नाक्याचं नाव आणि वेळ त्यात येते, वाद उरत नाही.

ट्रान्सपोर्ट ऑफिसातला कारकून पहिल्यांदा नाहीच म्हणणार, आणि जून-जुलैत तर हसेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बऱ्याच गाड्या उसाला लागतात, बेळगाव-निपाणीला माल पडून राहतो आणि ऑफिसवालेच फोन करत असतात. ती ओळ लिहून घ्यायची ती तेव्हा.