१६२४ रुपयांची वेचणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथी एकत्र घेते. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की वर्ग निम्मा होतो. आईबाप वावरात, पोरं लहान भावंडांना घेऊन धुऱ्यावर. परत आल्यावर त्यांना गणिताचा तास नकोसा व्हायचा. मी पाढे घोकून घ्यायचे. पाठ व्हायचे, पण उदाहरण आलं की सगळे गप्प.

एकदा चौथीतल्या मुलीनं २३ गुणिले ८ चं उत्तर १६२४ लिहिलं. आठ त्रिक चोवीस, आठ दुणे सोळा, दोन्ही शेजारी मांडले. मी फुली मारणार होते, पण विचारलं, "आईनं तेवीस किलो कापूस वेचला, किलोला आठ रुपये. किती मिळतील?"

पाटीकडे न बघता ती म्हणाली, "वीसचे एकशेसाठ, अन् वरच्या तीनचे चोवीस. एकशेचौऱ्यांशी."

"मग पाटीवर काय लिहिलंस?"

ती बघतच राहिली. "इतके पैसे थोडीच भेटते मॅडम!"

हिशेब तिला येत होता. पाटीवरचे आकडे म्हणजे तोच हिशेब, हे मी कधी दाखवलंच नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी चुलीसाठी रचलेल्या तुराटीतल्या बारीक काड्या आणल्या. दहाचा एक गठ्ठा, वर रबर. दोन गठ्ठे आणि तीन काड्या, असे आठ वाटे जमिनीवर मांडले. सोळा गठ्ठे झाले, चोवीस काड्या सुट्या. सुट्यांचे आणखी दोन गठ्ठे बांधले, चार उरल्या. अठरा गठ्ठे, चार काड्या.

"हातचा म्हणजे हेच दोन गठ्ठे काय?" तिनंच विचारलं.

आता मांडण्याआधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा: उत्तर शंभराच्या आत की बाहेर? चुकला तरी मी टोकत नाही. मागच्या बाकावरचेही बोलू लागले, भांडूसुद्धा लागले.

तिसरीचं अडतं ते एकोणपन्नासवर. पन्नास ऐकून ५९ लिहितात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस म्हणजे 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा वाद झाला होता. मला ती उपयोगी पडते. आधी 'चाळीस नऊ' म्हणून चार गठ्ठे, नऊ काड्या उचलायच्या, मग एकोणपन्नास म्हणायचं.

हातच्याची वजाबाकी मात्र निम्म्या वर्गाला अजून जमत नाही. गठ्ठा सोडायचा कधी, तेच कळत नाही. संक्रांतीनंतर वेचणी सरेल, पोरं भरतील, तेव्हा पुन्हा रबर काढून बसणार आहे.