बिब्ब्याची पिन

लहान मुलाचा एमआरआय असला की मी आईच्या आधी आजीला गाठते. बाळाच्या अंगावर आजीने काय काय बांधलंय, हे कित्येकदा आईलाही ठाऊक नसतं.

ठाण्यातल्या आमच्या सेंटरमध्ये त्या दिवशी मुरबाडकडचा दीड वर्षाचा मुलगा आला होता. दोनदा आकडी आली म्हणून मेंदूचा स्कॅन. पायातले वाळे, चांदीचा करदोटा, बटणांचं झबलं, सगळं उतरवलं. तीटही पुसली, बाजारच्या काजळात लोखंडाचे कण असू शकतात. आई म्हणाली, "वजन अकरा असेल." काट्यावर नऊ भरलं. औषधाचा डोस त्यावर ठरतो, आणि स्कॅनमध्ये अंग किती तापेल याचा हिशेबही मशीन त्यावरूनच करतं.

भूलतज्ज्ञ मॅडमनी औषध दिलं, पोर आईच्या खांद्यावर झोपलं. आता घाई. झोप मोडली की सगळं मुसळ केरात! दारात पुन्हा मेटल डिटेक्टर फिरवायचा नियम आहे, पण खरं सांगते, 'आत्ताच तर तपासलंय' असं मनात येऊन गेलं. हाताला सवय होती म्हणून फिरवला. कमरेपाशी वाजला.

लंगोटाच्या घडीत सेफ्टी पिन, तिला काळ्या दोऱ्यात बिब्बा. मी फॉर्म भरत असताना आजीने हळूच लावली होती.

"पोर त्या भोकात जानार ताई, नजर लागंल म्हून लावली."

एमआरआयचं मशीन म्हणजे लोखंड खेचून घेणारं भलंमोठं चुंबक. आमचं १.५ टेस्ला ताकदीचं. लोकांना वाटतं, बटण दाबलं की ते सुरू होतं. ते रात्री सेंटरला कुलूप असतानाही सुरूच असतं. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. पिन म्हणजे काही सिलिंडर नव्हे, पण सुटलेली पिन डोळ्यात घुसायला कितीसा वेळ लागतो?

मी चिडलेच होते. पण सोबत आत बसायचं म्हणून सुनेने मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना उतरवल्या, तेव्हा हीच आजी चकार शब्द बोलली नव्हती. नातवाच्या बाबतीत मात्र तिला राहवलं नाही.

म्हटलं, "आजी, पिन तुमच्या मुठीत धरा आणि इथंच बाहेर बसा. नजर आली तर आधी तुम्हाला भेटेल."

तिला ते पटलं.

कानांत बोळे, वर इअरमफ घालून पोराला आत नेलं. पंचवीस मिनिटांत स्कॅन झालं. दार उघडलं तर आजी समोरच उभी, पिन उघडून तयार.