मॉरिस मायनर आणि गॅरेजमधले रविवार

इकडे इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांचं वेड असलेली माणसं प्रत्येक गल्लीत सापडतात, आणि त्यातल्या निम्म्यांचा इंजिनियरिंगशी काडीचा संबंध नसतो. कोणी रिटायर्ड पोस्टमन, कोणी शाळेतली बाई, कोणी माझ्यासारखा दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा. कारण अगदी व्यवहारी आहे, इथे मजुरी परवडत नाही. आपल्याकडे गाडी मिस्त्रीकडे टाकली, दोन दिवसांनी "झाली का रे" म्हणून चक्कर मारली की संपलं. इथे बॉडीशॉपवाला पूर्ण कामाचा जो आकडा सांगतो त्यात बरी चालती दुसरी गाडी येईल, त्यामुळे लोक जुने कपडे घालतात आणि स्वतःच गाडीखाली शिरतात.

माझ्याकडे आहे १९६५ ची मॉरिस मायनर १०००, चार दरवाजे, १०९८ सीसी, रंग स्मोक ग्रे म्हणजे निळसर राखाडी. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर चष्मा वर करून म्हणाले, "अरे, ही तर अँबॅसिडरची धाकटी बहीण!" आणि ते खरंच आहे. आपली अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, आणि ती काय, ही मायनर काय, दोघी ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यातल्या. मायनरसुद्धा हिंदुस्थान मोटर्सने पन्नासच्या दशकात 'बेबी हिंदुस्थान' नावाने आपल्याकडे विकली होती.

गाडी डिझाईन केली अॅलेक इसिगोनिसने, तोच ज्याने पुढे १९५९ ची मिनी केली. मायनर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या शोमध्ये आली. त्याआधी गंमत झाली, प्रोटोटाइप तयार झाल्यावर ह्या माणसाला ती अरुंद वाटायला लागली, मग गाडी मधोमध उभी कापली, दोन तुकडे सरकवून बघितले आणि चार इंच रुंदी वाढवली. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते ना, ती त्या चार इंचांची. मॉरिस कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडी अजिबात आवडली नव्हती, पोच्ड एग, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं, म्हणाले होते म्हणे. पुढे त्याच अंड्याच्या १६ लाख गाड्या खपल्या आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

आता मुद्द्याचं. रिस्टोरेशन म्हटलं की लोकांना पेंट आणि चकचकीत क्रोम दिसतं. माझं मत विचाराल तर पेंट हा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग, खरं काम पत्र्याचं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ, चिखल, पाणी सगळं गाडीच्या पोटाला जाऊन बसतं. कोकणात खारा वारा लोखंडी गेटं कशी खातो ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मायनरला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दरवाज्यांखालच्या ज्या लांब पोकळ पेट्या असतात, ज्यांना सिल म्हणतात, त्या गेल्या की गाडी मधून वाकायला लागते. बाहेरून काहीच कळत नाही. माझ्या गाडीचा डावा सिल वरून एकदम गुळगुळीत होता, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत गेला. ग्राइंडर लावला तर आधी काळा डांबरासारखा अंडरसील, त्याखाली पुट्टी, त्याखाली पत्र्याचं ठिगळ, त्याखाली अजून एक ठिगळ जरा जाड, आणि त्याच्या आत मूळ सिल म्हणजे नुसता तपकिरी भुगा, हातात घेतला तर बोटांमधून गळला. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजवाल्याने कुजलेलं न कापता वरूनच झाकलं होतं, तेही कडेने सलग वेल्ड न मारता टिपके टिपके देऊन. असा राग आला म्हणून सांगू!

सिल कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड करून घ्यायच्या, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. नाहीतर बॉडी खाली बसते, आणि नवीन सिल लावल्यावर लक्षात येतं की दरवाजा लागतच नाहीये. वेल्डिंग मला शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवलं, आयुष्यभर फॅब्रिकेशन केलेला माणूस, बोलणार कमी, चहा पिणार भरपूर. त्यांचा एकच धोशा, लांब रेघ ओढू नकोस, थोडं इथे मार, थोडं तिथे मार, पातळ पत्रा तापला की वाकडा होतो.

दुसरं जे डोकं खातं ते ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा. तो बॉनेटखाली नाही, ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खालच्या पेटीत बसवलाय. दोन बोल्ट सोडले की निघेल असं वाटतं, आणि बोल्ट सुटतातही, पण बाहेर येत नाहीत कारण बरोब्बर समोर सस्पेन्शनचा टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारी लोखंडी दांडी, आडवा येतो. म्हणजे ब्रेकच्या कामासाठी आधी सस्पेन्शन ढिलं करा. इसिगोनिससाहेब हुशार, पण हे काम त्यांनी स्वतः कधी केलं नसणार.

बाकी गाडी मात्र प्रेमळ आहे. पाने इंचाचे लागतात, अर्धा, ७/१६, ९/१६, तेवढ्यात बहुतेक काम होतं. आणि पार्ट्स! साठ वर्षांच्या गाडीचा सिल, फ्लोअर, रबर, ब्रेक शू, बॅज, सगळं नवीन बनवून मिळतं, आज ऑर्डर केलं की परवा दारात. बायको म्हणते तुझ्या नव्या फोनचा पार्ट मिळायला ह्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्यावर मला काही बोलता येत नाही.

इलेक्ट्रिकची एक गोष्ट माहीत हवी, ह्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या बरोब्बर उलटं. आजकालचा रेडिओ सरळ लावला तर धूर निघेल. मी डायनॅमो तसाच ठेवलाय, पोलॅरिटी उलटवली नाही, रेडिओ नको. चावी फिरवली की एसयू कंपनीचा पेट्रोल पंप टिकटिक करतो आणि कार्ब्युरेटर भरला की थांबतो, ते ऐकून स्टार्टर मारायचा. पेट्रोल महागातलं ई५ (कमी इथेनॉलचं) टाकतो, कारण इथलं साधं पेट्रोल २०२१ पासून ई१० झालंय, त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, जुने रबरी पाइप त्याने खराब होतात.

४० वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स शून्य, आणि २०१८ पासून वार्षिक एमओटी टेस्टही (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का ह्याची तपासणी) सक्तीची नाही, फक्त गाडीत मोठे बदल केलेले नसावेत. मला हे जरा अजबच वाटतं. पुढच्या चाकाच्या ट्रनियनला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला, वेळेवर ग्रीस नाही मारलं तर चाक चक्क आडवं पडतं ह्या गाडीचं, आणि म्हणे टेस्ट नको! मी पैसे भरून करून घेतली. टेस्ट करणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा, त्याने आधी विचारलं की गिअर टाकताना कार्रर्र आवाज येतो तो नॉर्मल आहे का. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खरखरता बसवणारी सोय) नाही बाबा, म्हटलं, गाडी पूर्ण थांबव आणि मग टाक.

पास झाली. छताचं आतलं कापड अजून लोंबतंय, ते हिवाळ्यात करणार. तोपर्यंत तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजोबांच्या बेबी हिंदुस्थानचे फोटो असतील तर नक्की पाठवा, विशेषतः आतल्या डॅशबोर्डचे, बाबांशी एका मुद्द्यावरून पैज लागलीये.