दांडिया बाजार ते मकरपुरा: अडलेला सोडा ब्लास्टर घेऊन एक फेरी

सोडा ब्लास्टर म्हणजे दाबाच्या हवेने खायचा सोडा मारून रंग, ग्रीस काढणारं यंत्र. बडोद्यात दांडिया बाजारातून मकरपुरा जीआयडीसीला (औद्योगिक वसाहतीला) रिक्षाने साधारण अर्धा तास लागतो. सकाळी दहाला निघालं तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी दुकानांचं काम उरकतं, आणि उरलेला दिवस कॅबिनेटसाठी, म्हणजे ज्यात वस्तू ठेवून मारा करतात त्या बंद पेटीसाठी, मोकळा राहतो. ही फेरी त्याच क्रमाने झाली. मागून जाणाऱ्यांना पहिली सूचना सामानाबद्दल आहे. फक्त गन घेऊन जाऊ नका. नुसती गन दाखवली की दुकानदार नवी गन दाखवतो, आणि बहुतेक वेळा दुखणं गनमध्ये नसतंच. सोड्याची टाकी, होज, गन, वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर), वाटीभर सोडा झाकणाच्या डब्यात आणि कॉम्प्रेसरच्या पाटीचा फोटो, एवढं सगळं बरोबर असू द्या.

निघण्याआधी घरी दहा मिनिटांच्या तीन चाचण्या करा. टाकी रिकामी ठेवून नुसती हवा मिनिटभर आरशावर मारा. धुकं किंवा थेंब दिसले तर लाइनमध्ये पाणी आहे, तेलकट डाग दिसला तर तेल आहे. मग ट्रिगर दाबून धरा आणि गेजकडे बघा. ८० पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचं माप) काटा घसरत ४० वर येऊन टेकला तर कॉम्प्रेसर नोझलला, म्हणजे गनच्या तोंडाला, पुरत नाही. शेवटी टाकीचं झाकण आणि सगळे जोड साबणाच्या पाण्याने पुसून काढा. झाकणाच्या वॉशरपाशी आलेला एक बुडबुडासुद्धा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, त्याचं कारण खाली सांगितलं आहे.

हवेचा हिशेब आधी. ३ मिमी नोझल ८० पीएसआयला मिनिटाला १५ ते १७ घनफूट हवा पिते. २.४ मिमीचं नोझल साडेनऊच्या आसपास. घरगुती २ एचपीचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात ६ ते ८ सीएफएम (मिनिटाला घनफूट) देतो. पाटीवर लिहिलेला आकडा पुष्कळदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन ढकलतो तेवढ्या हवेचा, असतो, आणि खरी हवा त्याच्या ६५ ते ७५ टक्केच मिळते. म्हणून २ एचपीवर २.४ मिमी नोझल लावा, ४० ते ५० पीएसआयवर समाधान माना आणि अर्धा मिनिट मारून कॉम्प्रेसरची टाकी भरू द्या. सोड्याला फार दाब लागतच नाही. स्कूटरच्या पत्र्यावर, ॲल्युमिनियमवर ४० पुरे. दाब वाढवून गंज निघेल अशी आशा धरू नका. सोडा मऊ असतो. तो रंग, ग्रीस, काजळी काढतो, गंज काढत नाही आणि पत्र्याला खरखरीतपणाही देत नाही. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या १९८६ च्या शताब्दीआधीच्या डागडुजीत आतल्या तांब्यावरचं डांबर याच मऊपणामुळे सोड्याने काढलं होतं.

न्युमॅटिकच्या दुकानात गेल्यावर शब्द जपून वापरा. ‘एफआरएल द्या’ म्हटलं की फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर असा तिहेरी संच हातात येतो. त्यातलं लुब्रिकेटर हवेत तेलाचे थेंब सोडतं. हवेच्या पान्याला ते हवं, सोड्याला विष. तेलाचा थेंब मिळाला की सोड्याचा लगदा होतो. म्हणून ‘एफआर’ मागा, आणि घरी एफआरएल बसवलेला असेल तर एल काढून टाका. फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावण्याचा उपयोग नाही. तिथली हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून निघून जातं आणि पुढे होजमध्ये गार होऊन थेंब होतं. कॉम्प्रेसर आणि फिल्टर यांच्यामध्ये १० ते १५ मीटर पाइप किंवा होज ठेवा, म्हणजे हवा वाटेत गार होते. फिल्टरनंतर टाकीपर्यंतची लांबी मात्र जितकी कमी तितकी बरी. जुलै-ऑगस्टच्या बडोद्यात कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन कॉक दर अर्ध्या तासाने उघडा.

क्विक कपलर, म्हणजे होज झटकन लावायचा-काढायचा जोड, ही दुसरी चोरजागा. १/४ इंची स्वस्त कपलरचं आतलं भोक पुष्कळदा ५ मिमीच असतं. असे तीन लावले की ८ मिमीची होज घेऊन काय फायदा? या फेरीत दोन कपलर काढून सरळ बीएसपी निपल (आट्यांचे साधे जोड) टाकले, आणि ट्रिगर दाबल्यावर होणारी दाबाची घसरण लगेच कमी झाली.

आता तो बुडबुडा. दाबाच्या टाकीतला सोडा वजनाने खाली पडतो असं वाटतं, पण ते अर्धंच खरं. टाकीतला दाब ब्लास्ट लाइनइतका किंवा किंचित जास्त असेल तरच तो पडतो. झाकणातून हवा गळली की टाकीचा दाब उतरतो, खालच्या व्हॉल्वमधून हवा वर चढते आणि सोडा जागच्या जागी तरंगत राहतो. लोक मग व्हॉल्व आणखी उघडतात, होज ठोकतात, नोझल मोठं करतात. वॉशर बदला. ५ मिमी जाडीच्या नायट्राइल रबराचा कापून घ्या. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन दिवस टिकतो.

गळती थांबल्यावर सोड्याचा व्हॉल्व पूर्ण बंद ठेवून सुरुवात करा, आधी हवा सुरू करा, मग व्हॉल्व थोडा थोडा उघडा. फवारा जेमतेम धुरकट दिसायला हवा. पांढराशुभ्र झोत आणि ‘भक्-भक्’ आवाज आला की सोडा जास्त झाला. थांबवताना उलटा क्रम: आधी सोडा, मग हवा. नाहीतर होजमध्ये सोडा साचतो आणि पुढच्या वेळी सगळा एकदम येतो. अडलंच तर टाकीचा दाब पूर्ण सोडल्याशिवाय एकही नट सैल करू नका. टाकी म्हणून जुना गॅस सिलिंडर किंवा अग्निशामकाची बाटली कापून वेल्डिंग करणारे भेटतात. ते घेऊ नये. हायड्रोटेस्ट झालेली (पाण्याच्या दाबाने तपासलेली), सेफ्टी व्हॉल्व असलेली टाकीच घ्या.

सोडा घेताना भाषेची गंमत सांभाळा. मराठीत खायचा सोडा, गुजरातीत ‘साजीना फूल’. ‘लींबूना फूल’ मागितलंत तर सायट्रिक ॲसिड मिळेल. तेही थोडं घ्याच, पुढे कामाला येईल. धुण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ, तो इथे चालत नाही. स्वयंपाकघरातला सोडा टाल्कमसारखा बारीक असतो आणि टाकीत कमान धरतो: खालून थोडा पडतो, वर पोकळी राहते. ब्लास्टिंगला ०.२ ते ०.३ मिमी दाणा हवा. दुकानातच तपासा. ६ मिमी भोकाच्या नरसाळ्यात मूठभर ओता. न ठोकता खाली आला तर मशीनमध्येही येईल. गोळे असतील तर मैद्याच्या चाळणीतून काढा, पण वाळवायला कडक उन्हात टाकू नका. ५० अंशांच्या पुढे त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होतो आणि त्यातून पाणीही सुटतं. कॉम्प्रेसरची गरम हवा थेट टाकीत गेली तरी हेच होतं.

दुपारी जॉबवर्कच्या शेडमध्ये कॅबिनेट. काही गोष्टी मनात पक्क्या हव्यात. कार्बोरेटर सोड्यानेच साफ करायचा, ग्लास बीडने (काचेच्या बारीक मण्यांनी) नाही. बीडचा एक मणी जेटच्या वाटेत अडकला तर तो तिथेच राहतो. सोडा गरम पाण्यात विरघळून जातो. इंजिनचं झाकण, ब्रॅकेट वगैरे बीडने ६० पीएसआयवर, गंजलेलं लोखंड ॲल्युमिनियम ऑक्साइडने. एका मालावरून दुसऱ्यावर जाताना हॉपर (माल भरायचा डबा) पूर्ण रिकामा करून झाडून घ्या. सोडा एकदाच वापरायचा. पहिल्या धडकेतच दाणा फुटतो, त्यामुळे तो पुन्हा हॉपरमध्ये फिरवला तर कॅबिनेटमध्ये फक्त धुकं होतं.

धुक्याचा अंदाज हातमोज्यांवरून घ्या. व्हॅक्युम चालू असताना रबरी हातमोजे कॅबिनेटच्या आत हलके ओढले जायला हवेत. ते तुमच्या दिशेने फुगले तर फिल्टर तुंबला आहे आणि धूळ फटींतून बाहेर येते आहे. व्हॅक्युमच्या आधी सायक्लोनची (धूळ फिरवून खाली पाडणारी) बादली नसेल तर सोडा फिल्टर पाच-दहा मिनिटांत बुजवतो. नोझल आणि वस्तूत १० ते १५ सेंमी अंतर, कोन ४५ ते ६० अंश. काटकोनात मारलं तर परतणारा माल येणाऱ्याला अडवतो. सायफन गन (हवेच्या झोताने माल ओढून घेणारी) ओढत नसेल तर नोझलची झीज बघा. हवेचा जेट ४ मिमी असेल तर नोझल ८ मिमी, म्हणजे दुप्पट. ९ मिमीचं ड्रिल नोझलमध्ये सहज शिरलं की ते बदला. हाताला झटके बसतात ते स्थिर विजेचे. कॅबिनेटच्या अंगाला आणि गनला अर्थिंगची तार हवी.

वाळू कुणी कितीही स्वस्त देऊ केली तरी कॅबिनेटमध्येसुद्धा नको. इथून जवळ खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांची फुप्फुसं सिलिकाच्या धुळीनेच गेली. सोडा मारतानाही एन९५ मास्क आणि बंद गॉगल लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे वापरलेला सोडा कुंडीत किंवा अंगणात टाकू नका. झाडं तर मरतातच.

काम झालेल्या भागावर सांदीकोपऱ्यांत व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर सोडा उरला आहे आणि त्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटेल. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबाची फुलं विरघळवून धुवा, मग भरपूर साधं पाणी, मग हवेने कोरडं. उघडं लोखंड असेल तर त्याच दिवशी प्रायमर. पावसाळ्यात रात्रभर ठेवलंत तर सकाळी तांबूस झाक दिसते. परतताना सोड्याची गोणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रिक्षात पायाशी नव्हे, सीटवर ठेवा. रिक्षाच्या तळाला पाणी असतं.